पहाऱ्याची सुई

बर्फ भरलेला थर्मास मांडीवर घेऊन सातारा ते आष्टा असा एस.टी.चा प्रवास एकदा करून बघावा. शेजारच्या बाईला वाटतं, आत कुल्फी आहे. कंडक्टरला वाटतं, मासळी आहे. पहिल्या खेपेला मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, की हे औषध आहे, माझ्या यजमानांचं आहे, गरम झालं तर वाया जातं आणि गोठलं तरी वाया जातं. त्यावर शेजारच्या बाईनं आजार कोणता म्हणून विचारलं, आणि मी खरं सांगितल्याबरोबर ती उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून कुणी विचारलं की मी कुल्फीच सांगते. कराडपर्यंत लोक आशेनं बघत असतात, मग झोपतात.

माझे यजमान वीरधवल फौजेत हवालदार होते. गावात सगळे त्यांना हवालदारच म्हणतात, मीही म्हणते, कारण रागवायला ते नाव सोयीचं पडतं. सीमेवर इतकी वर्षं काढली तेव्हा त्यांना साधं खरचटलं नाही, आणि सुट्टीवर घरी आल्यावर एके सकाळी दाढी करताना मानेला गाठ लागली. लिम्फोमा निघाला, म्हणजे अंगातल्या गाठींचा कॅन्सर. औषधं झाली, गाठ विरघळली, आम्ही जोतिबाला जाऊन गुलाल-खोबरं उधळून आलो, आणि वर्ष भरायच्या आत गाठ परत आली. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला मी जास्त घाबरले, कारण आता मला सगळं माहीत होतं.

मग मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांच्याच हाडांतला मगज काढून गोठवून ठेवला, अंगातला उरलासुरला आजार मारणारी जहाल औषधं दिली, आणि तोच मगज शिरेतून त्यांना परत दिला. त्या दिवसांत ते काचेच्या दाराआड होते. मी बाहेरून हात हलवायची आणि ते पडल्या पडल्या सॅल्यूट करायचे. केस गेले, भुवया गेल्या, पण सॅल्यूट काही गेला नाही. ते तिथून चालत बाहेर आले हे मला अजूनही कधी कधी खरं वाटत नाही.

निघताना तिथले डॉक्टर म्हणाले, "आजार आता कुठंच दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. एखादी पेशी लपून राहिली असेल तर तिनं डोकं वर काढू नये, म्हणून हे इंजेक्शन. इंटरफेरॉन. आठवड्यातून तीनदा, बराच काळ घ्यावं लागेल. आजार येणारच नाही अशी हमी मी देत नाही. पण यायची शक्यता कमी होते, असं आम्हाला वाटतं."

"म्हंजी लढाई संपली, आता पहारा," हवालदार म्हणाले.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी तसंच. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या इंजेक्शनला पहाऱ्याची सुई असं नाव पडलं.

सुई द्यायचं काम माझं. मी आष्ट्याच्या शाळेत भूगोल शिकवते, सुया टोचणं हा काही माझा विषय नव्हे, पण शिकले. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दिवेलागणीला फ्रीजमधून बाटली काढायची, तिच्यातल्या पावडरीत पाणी सोडायचं. ती हलवायची नाही, दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची, आणि पोटाला नाहीतर मांडीला कातडीखाली टोचायची. टोचताना काही होत नसे. पण आमची जेवणं होईपर्यंत हवालदारांना हुडहुडी भरायची, दोन वाकळा अंगावर घालून ते दात वाजवत पडायचे. दुसऱ्या दिवशी अंग ठणकायचं, तोंडाची चव जायची, अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. जरा उभारी धरावी तोवर पुढची सुई यायची.

बाकीचे नियम माझे होते. डॉक्टरांनी नुसतं "जरा जपा" म्हटलं होतं. मी त्याचा पूर्ण अभ्यासक्रम केला. गर्दीत जायचं नाही, अनवाणी चालायचं नाही, न उकळलेलं पाणी प्यायचं नाही आणि शेतात तर अजिबात जायचं नाही. आमचा ऊस घरापासून हाकेच्या अंतरावर. हवालदार सोप्यात खुर्ची टाकून तो लांबून बघत बसायचे.

"मास्तरीणबाई," ते म्हणायचे, "फौजेत कैद्याला सुदीक दिवसातनं एकदा फिरवून आणत्यात."

"कैद्यानं आधी वागणूक सुधारावी," मी म्हणायची.

तर, त्या वर्षीची दिवाळी. शाळेला सुट्टी लागली आणि मी औषध आणायला साताऱ्याला माहेरी गेले. औषध पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलातून मिळायचं. माझा भाऊ हरी दर महिन्याला पुण्याला जाऊन ते घेऊन यायचा, आपल्या फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि मी साताऱ्याहून घरी आणायची. एरवी मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची. या वेळी हरीच पुण्याहून उशिरा येणार होता, म्हणून सोमवारी मुक्काम करावा लागणार होता, आणि सोमवार म्हणजे सुईचा दिवस.

"त्यात काय," हवालदार म्हणाले, "मी घेतो की माझी मी. मला शिकवलंय."

"जा सूनबाई," माझ्या सासूबाई चंद्राबाई म्हणाल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. "मी हाय की हितं."

मी गेले. भावजय सईच्या हातचा चिवडा खाल्ला, रात्रभर हवालदारांच्या तापाची काळजी केली, आणि मंगळवारी संध्याकाळी थर्मास घेऊन परतले. हवालदार खुर्चीत बसले होते, आंघोळ करून, भांग पाडून, मांडीवर वर्तमानपत्र. चेहऱ्यावर मी फार दिवसांत न पाहिलेली तकतकी होती.

"सुई घेतली?"

"घेतली."

"ताप आला?"

"जरासा."

मी जाऊन बघितलं. मोकळी बाटली कचऱ्याच्या डब्यात होती. मला इतकं बरं वाटलं, की मी आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही होता म्हणून मला काळजी नव्हती. त्या "व्हय" म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या. चुलीवर काहीच नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बुधवारी मी सुई दिली. ताप आला, तो यायचाच. पण गुरुवारी तो उतरला नाही. शुक्रवारी पुन्हा सुई, पुन्हा ताप, शनिवारीही अंग कोमटच. मला वाटलं, नव्या बाटल्यांचं औषध जरा कडक असेल. रविवारी सकाळी हवालदारांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"राजी."

माझं नाव राजेश्वरी. ते मला मास्तरीणबाई म्हणतात तोवर सगळं ठीक असतं. राजी म्हणाले की काहीतरी बिनसलेलं असतं.

"जांघेत गाठ लागतीया," ते म्हणाले.

मी हात लावून बघितला. उजव्या जांघेत, मोठ्या सुपारीएवढी, कातडीखाली स्पष्ट लागत होती. मुंबईचं काचेचं दार, त्यामागचे सगळे दिवस पुन्हा येणार, आणि या खेपेला मगजसुद्धा शिल्लक नाही, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. हवालदार माझ्याकडं न बघता म्हणाले, "आईला आत्ताच सांगू नगंस." पण आत्याबाई दाराच्या पलीकडेच उभ्या होत्या.

सोमवारी आम्ही सांगलीला गेलो. तिथले डॉक्टर देवदत्त फाटक हवालदारांचं रक्त दर महिन्याला तपासायचे. माणूस कोकणातला, पण सांगलीत राहून इतकी वर्षं झाली की भडंगाशिवाय चहा घेत नाही. त्यांनी हवालदारांना टेबलावर झोपवलं, मान बघितली, काखा बघितल्या, पोट दाबलं, मग जांघेतली गाठ बोटांनी कितीतरी वेळ चाचपली.

"दुखते का?"

"दुखती."

"पायाला काही लागलंय का? काटा, ठेच, एखादी जखम?"

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाई साहेब."

"नक्की?"

"घरातच असतोय की. लागंल कुठं?"

मीही पुढं होऊन म्हटलं, "डॉक्टर, मी त्यांना चप्पल घातल्याशिवाय अंगणातसुद्धा उतरू देत नाही." किती अभिमानानं म्हटलं ते आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून आतलं थोडं काढून घेतलं, काचपट्टीवर पसरलं आणि तपासायला पाठवलं. रिपोर्ट दिवाळीनंतर मिळेल म्हणाले. तोवर पहाऱ्याची सुई थांबवा, ताप कशाचा आहे ते आधी कळू दे. ते नेहमी दारापर्यंत येऊन काहीतरी थट्टा करतात. त्या दिवशी त्यांनी हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच.

घरी करंज्या व्हायच्या होत्या. मी आणि आत्याबाई समोरासमोर बसून करंज्या भरत होतो. सासरे आप्पासो गुडघ्याला तेल चोळत सोप्यात बसून राहिले. संध्याकाळी सुई नव्हती. हुडहुडी नाही, वाकळा नाहीत. त्या हुडहुडीला मी किती शिव्या दिल्या असतील, पण आता ती नव्हती तर पहारा उठलेल्या ठाण्यासारखं घर वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी मला विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कसा चालू करायचा ते शिकवायला घेतलं.

"हिरवं बटण दाबायचं. लाइट कमी-जास्त हुईत असली तर दाबायचं न्हाई, मोटार जळती."

"मला कशाला सांगताय?"

"ठावं असलेलं बरं."

मी चिडले. म्हटलं, मला बटण शिकायचं नाही, तुमचं बटण तुम्ही दाबा, आणि पुन्हा असलं काही शिकवायला आलात तर मी माहेरी जाईन. त्यांनी स्टार्टरचं झाकण लावलं. मग म्हणाले, "लाल बटण बंद कराया." मी आत जाऊन खूप रडले.

नरकचतुर्दशी आली. आमच्या घरी पहिल्या आंघोळीला पुरुषांना तेल-उटणं बायका लावतात. डोक्याला आई, हातापायांना बायको. आजार असो, काही असो, सण चुकवायचा नाही असं आप्पासोंनी सांगितलं. हवालदार पाटावर बसले. आत्याबाईंनी त्यांच्या नुकत्याच दाट झालेल्या केसांवर तेल थापलं. मी हात चोळले, पाठ चोळली, डावा पाय चोळला. उजवा पाय त्यांनी दुमडून मांडीखाली घेतला होता.

"तो पाय द्या."

"ऱ्हाऊ दे."

"सणाचा एक पाय कोरडा ठेवतात का? द्या इकडं."

"गुदगुल्या हुत्यात."

"लग्नाला बारा वर्षं झाली, कधी गुदगुल्या झाल्या नाहीत. आजच कुठनं आल्या?"

मी घोटा धरला आणि पाय ओढला. टाच हाताला गरम लागली. ती एका बाजूनं फुगून लाल झाली होती आणि मधोमध एक काळा ठिपका होता. मी त्यावर अंगठा टेकवला मात्र, आमचे शूर हवालदार केवढ्यांदा तरी ओरडले.

"हे काय आहे?"

"काटा. बाभळीचा. पर तो मी तवाच काढलाय."

"तवाच म्हणजे कधी? कुठं लागला?"

हवालदारांनी आईकडं बघितलं. आत्याबाईंनी पाण्याच्या बंबाकडं बघितलं.

मग सगळं बाहेर पडलं. आमची विहीर उसाला पुरत नाही; गावच्या रानाला नदीवरून उपसून आणलेलं पाणी पाळीपाळीनं मिळतं. मी साताऱ्याला निघाले त्याच सकाळी पाणी सोडणारा बिराप्पा येऊन सांगून गेला होता, उद्या मंगळवारी तुमची पाळी. आमचा गडी गुंडा दिवाळीला त्याच्या गावी गेलेला. आप्पासोंचा गुडघा हा असा. आणि पाळी चुकली की पुढची कधी येईल ते बिराप्पालाही सांगता येत नाही. तर हवालदार दारं धरायला गेले. दारं धरणं म्हणजे उसाच्या सरीत पाणी सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, असं दिवसभर. चिखलात चपला राहत नाहीत. ते काम सगळा मुलूख अनवाणीच करतो.

"आणि सोमवारची सुई?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं तरी विचारलं.

"घेतली न्हाई. घेतली असती तर मंगळवारी उठवलं नसतं."

"बाटली मोकळी होती."

"मोरीत वतलं."

माझ्या हातात उटण्याची वाटी होती, ती मी फेकली. भिंतीला लागली. पुण्याहून साताऱ्याला, साताऱ्याहून आष्ट्याला, मांडीवर बर्फ घेऊन, लोकांच्या नजरा झेलत मी जे आणत होते, ते या माणसानं मोरीत ओतलं होतं. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. शेजारच्या हरणाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, एवढं आठवतं.

हवालदार उघड्या अंगानं, तेलानं माखलेले, पाटावर बसून ऐकत होते. मी दमले तेव्हा म्हणाले, "आईला ह्यातलं काय ठावं न्हाई. आणि राजी, ती गाठ त्यामुळंच आली. मी पहारा सोडला आनि गनीम आत आला. मला ठावं हाय ते. डॉक्टरांपुढं कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणजे इतके दिवस हा माणूस असं समजत होता, की आपण एका दिवसाच्या चुकीनं आपलं मरण ओढवून घेतलं. त्या ओझ्याखाली त्याला काटा आणि गाठ यांची सांगड घालायचंही सुचलं नव्हतं. पायाला जखम होऊन ती चिघळली की जांघेत गाठ उठते. तिला आमच्याकडं अवधाण म्हणतात. ऊसपट्ट्यात असा माणूस नसेल ज्याला जन्मात एकदा तरी अवधाण आलं नाही. पण ज्या घरात एकदा तो आजार राहून गेला, त्या घरात गाठीला दुसरं नाव असू शकतं हे कुणाच्या मनात येत नाही.

"अहो, अवधाण असेल हे," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघतच राहिले. आत्याबाईंच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. आणि बोलून गेल्यावर मलाच भीती वाटायला लागली, कारण आता आशा लागली होती आणि ती खोटी ठरली तर मला ते सोसवलं नसतं.

त्यांना कसंबसं पाणी घातलं आणि मिळेल त्या एस.टी.नं सांगली गाठली. वाटेत मी आत्याबाईंना सुनवायचं भाषण तयार करत होते. "आईला ठावं न्हाई" यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. चुलीवर काही नसताना त्या चुलीकडं का गेल्या होत्या ते मला आता कळलं होतं. भाषण चांगलं लांब होतं आणि त्यात "तुम्ही आई असून" हे तीनदा येत होतं.

खिडकीशी बसलेले हवालदार एकदम म्हणाले, "त्या दिशी मी पेशंट नव्हतो गं, राजी. पानी सरीतनं पळत हुतं आनि मी त्याच्या म्होरं पळत हुतो. लय बरं वाटलं."

माझं भाषण मध्येच तुटलं, ते मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं.

फाटक डॉक्टरांचं घर विश्रामबागेत. सणाच्या दिवशी सकाळी पेशंट दारात बघून दुसरा कुणी कपाळाला आठ्या घालता. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, टाच बघितली, आणि हवालदारांकडं बघितलं.

"मी विचारलं होतं ना, पायाला काही लागलंय का?"

"व्हय साहेब."

"मग?"

"खोटं बोललो, साहेब."

"फौजेत याला काय शिक्षा असते?"

"लय मोठी असती."

"ती तुमच्या बाईंकडून घ्या. आणि चूक माझीही आहे. मोजे काढायला लावायला हवे होते मी."

त्यांनी टाच बधिर करून चिरली. आत बाभळीच्या काट्याचं टोक मोडून राहिलं होतं, हवालदारांनी वरचा तुकडा तेवढा काढला होता. पू निघाला. टाच धुऊन पट्टी बांधता बांधता डॉक्टर म्हणाले, "अवधाणच दिसतंय. पण 'दिसतंय' एवढ्यावर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही." आणि आत जाऊन त्यांनी काचपट्टी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या घरी फोन लावला.

दार उघडं होतं. आम्हाला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. आधी दिवाळीच्या शुभेच्छा झाल्या. मग, "अपूर्वाताई, ती सोमवारची जांघेची गाठ, आष्ट्याची. बघितलीत? हो. हो. बरं." मग ते बराच वेळ नुसते ऐकत होते. हवालदारांनी माझा हात धरला. आमच्याकडं चारचौघांत कुणी बायकोचा हात धरत नाही.

"नक्की?" डॉक्टर फोनवर म्हणाले. "पुन्हा एकदा सांगा."

ते बाहेर आले तेव्हा हसत होते.

"नुसता पू. अपूर्वाताईंनी सुट्टीवर जायच्या आधी सगळ्या काचपट्ट्या बघून ठेवल्या होत्या. आजाराची एकही पेशी नाही. औषधांनी गाठ दोन-तीन आठवड्यांत बसायला हवी. नाही बसली तर काढून पूर्ण तपासू, तेवढी काळजी घेऊच. पण आज घरी जाऊन दिवाळी करा."

मला वाटलं होतं मी रडेन. मला सपाटून भूक लागली. डॉक्टरांच्या पत्नीनं फराळाचं ताट आणून ठेवलं होतं. मी शंकरपाळे खाल्ले, चकल्या खाल्ल्या, हवालदारांच्या वाटचा लाडूही खाल्ला. रडले ते हवालदार. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून, मिशीवरून पाणी वाहू देत, अगदी उघड.

"साहेब, पाण्याच्या पाळीपायी मी एक सुई चुकवली," ते म्हणाले. "मोरीत वतली."

"एक सुई चुकली म्हणून आजार परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण चुकवायची सवय लावून घेतलीत तर त्याची खात्री मी देणार नाही. ताप उतरला की पुन्हा सुरू करा. आणि पाण्याची पाळी होती तर मला विचारायचं. सोमवारची सुई मंगळवारी संध्याकाळी घेतली असती तरी चाललं असतं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इतकं सोपं होतं, आणि ते विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्यांना वाटलं मी परवानगी देणार नाही, आणि खरं सांगायचं तर मी दिलीच नसती.

"बाई," डॉक्टर माझ्याकडं वळले, "गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळतात, ते घ्या आणि टाच भरली की यांना रानात जाऊ द्या. या माणसानं पुन्हा सरीत उभं राहावं, यासाठीच तर एवढं सगळं चाललंय."

निघण्याआधी घरी कळवायचं म्हणून त्यांच्याच फोनवरून आमच्या घरचा नंबर लावला. आप्पासोंनी उचलला. हवालदार मोठ्यांदा म्हणाले, "आप्पा, अवधाण हुतं. नुसतं अवधाण!" पलीकडं काही बोलणं झालं, आणि हवालदारांचा आवाज एकदम खाली आला. "कवापास्नं? रविवारपास्नं?" त्यांनी फोन माझ्याकडं दिला. "आई जेवत न्हाई म्हनं. माझ्याशी बोलत न्हाई. तू बोल."

मी फोन कानाला लावला. आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "राजी, त्यो खोटं बोलतोय. म्याच त्याला जा म्हनलं. भाकरी बी म्याच बांधून दिली. त्या दिशी त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या गं. किती महिन्यांनी खाल्ल्या. म्या बांधावर बसून बघत हुते. मग गाठ आली, तवा मला वाटलं, म्याच त्याला मारला." मग रडण्यातून म्हणाल्या, "तुला काय बोलायचं त्ये बोल मला. बोल तू."

माझं भाषण तयार होतं. एस.टी.त मी ते दोनदा म्हणून बघितलं होतं. पण रविवारपासून एकाच घरात, एकाच चुलीशी, त्या करंज्या भरत होत्या आणि जेवत नव्हत्या, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही आधी जेवून घ्या. आम्ही येतोच आहोत."